विशिवान्का: युक्रेनचा भरतकामाचा सदरा ओळखायचा, निवडायचा आणि स्वतः भरायचा कसा

माझी भाची युक्रेनमध्ये चेर्निव्त्सीला डॉक्टरकी शिकत होती. 2019 च्या सुट्टीत घरी आली तेव्हा तिथल्या बाजारातल्या एका आजीबाईंकडून तिने माझ्यासाठी लिननचा सदरा आणला. पांढरं कापड, आणि दोन्ही बाह्यांवर काळ्या-लाल दोऱ्याचं गच्च भरतकाम. मी सवयीने आधी बाही उलटी केली, कारण हातकामाची परीक्षा मागच्या बाजूलाच होते. गाठ एकही नव्हती. दोऱ्याची टोकं टाक्यांखाली सरकवून दिसेनाशी केली होती. आणि मागेही पुढचीच नक्षी होती, फक्त पुढे जिथे काळं तिथे मागे पांढरं, आणि पुढे जिथे पांढरं तिथे मागे काळं. तीस वर्षं हातात सुई आहे, पण असं काम मी पाहिलं नव्हतं.

त्या बाहीपासून माझा या कपड्याचा अभ्यास सुरू झाला. सध्या ऑनलाइन दुकानांमधून 'युक्रेनियन एम्ब्रॉयडरी'च्या नावाखाली वाटेल ते विकलं जातं आणि प्रत्येक फुलाचा एक ठरलेला अर्थ सांगितला जातो. कुणाला असा सदरा घ्यायचा असेल, कुणाला तिथून आलेली भेट जपायची असेल, कुणाला स्वतः टाका घालून पाहायचा असेल, तर कुठून सुरुवात करावी ते इथे क्रमाने सांगते.

पायरी 1: आधी सदऱ्याची बांधणी बघा

युक्रेनियनमध्ये 'विशिवाती' म्हणजे भरतकाम करणं, त्यावरून 'विशिवान्का'. जुन्या वापरातला शब्द मात्र नुसता 'सोरोच्का', म्हणजे सदरा. बाई असो वा पुरुष, अंगाला लागून असायचा तो हाच कपडा. तिथे नशीबवान माणसाला 'सदऱ्यासकट जन्मलेला' म्हणतात.

नक्षीकडे जाण्याआधी कापड कसं जोडलंय ते बघा. घरच्या मागावर विणलेल्या ताग्याचा पन्हा अरुंद असायचा. तो तागा लिननचा किंवा भांगेच्या धाग्याचा. म्हणून जुना सदरा गोलाई न कापता चौकोनी तुकड्यांतून उभा राहतो. पुढचा पट, मागचा पट, दोन बाह्या, आणि हात वर करता यावा म्हणून काखेत एक चौकोनी तुकडा. बायकांच्या सदऱ्यात खांद्यावर पुढचा आणि मागचा पट जोडणारी आणखी एक पट्टी असते, तिला 'पोलिकी' म्हणतात. गळ्याशी कापडाच्या बारीक चुण्या घेतलेल्या असतात. लांब सदऱ्याचा खालचा, घागऱ्याआड झाकला जाणारा भाग पुष्कळदा जाड्याभरड्या कापडाचा असायचा, म्हणजे चांगलं लिनन वरच्या भागाला पुरे.

आता भरतकाम कुठे आहे ते पाहा: गळा, छातीवरची चीर, बाहीचं टोक, खांदा आणि खालची किनार. जिथे जिथे कापड संपतं आणि अंग उघडं पडतं, तिथे तिथे. वाईट नजर, वाईट शक्ती याच वाटांनी आत शिरते अशी समजूत होती, आणि त्या वाटेवर टाक्यांची राखण बसवायची. अशा राखणदार वस्तूला 'ओबेरिह' म्हणतात. आपल्याकडे बाळाच्या गालाला तीट लावतात त्याच्या जवळची ही भावना आहे. पोलिकीवरचं काम सर्वांत मन लावून केलेलं असतं. कामाचा भार खांद्यावर येतो, म्हणून तिथे बळ हवं, असं सांगतात.

एक खूण पक्की लक्षात ठेवा. छातीवरची चीर मधोमध असेल तर ती युक्रेनियन रीत. ती एका बाजूला, कॉलरच्या कडेने उतरत असेल तर तो रशियन धाटणीचा सदरा आहे. दुकानदार हे दोन्ही सर्रास एकाच नावाने विकतात.

पायरी 2: नक्षीवरून मुलूख ओळखा

इथे थोडा वेळ द्या, कारण खरी संपत्ती इथेच आहे. आपल्याकडे पैठणी म्हटलं की येवला-पैठण आणि नारायणपेठ म्हटलं की वेगळाच काठ डोळ्यांपुढे येतो, तसं तिथे सदऱ्यावरून माणसाचा मुलूख सांगता येतो.

पोल्तावा भागात पांढऱ्यावर पांढरं भरतात. रेशेतिलिव्का हे गाव त्यासाठी देशभर ओळखलं जातं. ऐकायला फिकं वाटतं, पण हातात घेतलं की नजर हटत नाही. 'लिश्त्वा' नावाच्या सपाट भरीव टाक्यात दोरा काही ठिकाणी आडवा टाकतात, काही ठिकाणी उभा. दोऱ्याची दिशा बदलली की उजेड वेगळा परततो आणि एकाच पांढऱ्याच्या दोन-तीन छटा दिसू लागतात. कधी कधी मुद्दाम किंचित राखाडी किंवा निळसर झाक असलेला दोराही घेतात. त्यातच 'विरिझुवान्न्या', म्हणजे मोजून धागे कापून केलेली जाळी. आधी जाळीच्या चारी बाजू लिश्त्वाने बांधून घ्यायच्या, मगच आतले धागे कापायचे. क्रम चुकला तर कापड हातात उसवून येतं.

तेर्नोपिल प्रांतातल्या बोर्श्चिव भागाचा सदरा याच्या अगदी उलट. जाड काळ्या लोकरी दोऱ्याने बाही इतकी भरलेली की खालचं कापड दिसतच नाही. गावातले सगळे पुरुष हल्ल्यात मारले गेले आणि बायकांनी पिढ्यान् पिढ्या काळं भरायचं ठरवलं, अशी दंतकथा तिथे सांगतात. दंतकथा म्हणूनच ती ऐकावी, पण ती बाही हातात घेतल्यावर विसरता येत नाही.

कार्पाथियन डोंगरातल्या हुत्सुल लोकांचं काम भौमितिक आणि दाट असतं. त्यातही कोस्माच गावाचा पिवळा-नारिंगी-लाल भडका लांबूनच ओळखू येतो. बुकोविनात, म्हणजे चेर्निव्त्सीच्या आसपास, मणी, रेशीम आणि जरीसारखा चमकता दोरा मिसळतात. सीमेपलीकडच्या रोमानियात आणि मोल्दोवात बाहीची मांडणी बरीचशी अशीच दिसते. खांद्यावरच्या खास पट्टीची तिथली झंपर 2022 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत गेली. त्यामुळे या भागातला कपडा घेताना 'हा नक्की कुठल्या गावचा' हे विचारल्याशिवाय राहू नका. उत्तरेकडे पोलिस्स्यात लाल दोऱ्याच्या आडव्या पट्ट्या असतात, मागावरच विणल्यासारख्या. तो टाका पाहिला तेव्हा मला लगेच इरकल लुगड्यावरची कसुती आठवली. कसुतीतली 'नेगी' अशीच, धागे मोजून सुई आडवी पुढे नेत भरतात. दोन मुलुखांचा एकमेकांशी काही संबंध नसताना, विणलेल्या कापडाचे धागे मोजणारा हात त्याच युक्तीपाशी पोचला.

पायरी 3: अर्थ शोधा, पण शब्दकोश लावू नका

समभुज चौकोन म्हणजे शेत, त्यात ठिपका असेल तर पेरलेलं शेत. ओकचं झाड म्हणजे पुरुषाचं बळ. 'कालिना' हे लाल फळांचं झुडूप म्हणजे तरुण मुलगी, आणि आज देशच. द्राक्षवेल म्हणजे भरलं घर. हे अर्थ सांगितले जातात आणि त्यांत तथ्यही आहे. पण दुकानातल्या चिठ्ठीवर असतात तसे ते प्रत्येक गावात, प्रत्येक काळात एकच नव्हते. भरणारीने कित्येकदा शेजारणीची नक्षी आवडली म्हणूनच उचलली.

लाल-काळ्या गुलाबांचंच घ्या. आज बहुतेकांना हीच 'अस्सल युक्रेनियन' नक्षी वाटते. ती गावोगाव पसरली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. मॉस्कोतल्या ब्रोकार या फ्रेंच साबण-अत्तरवाल्याच्या स्वस्त साबणाबरोबर फुलीच्या टाक्याचे छापील नमुने मिळत. कारखान्यात रंगवलेला लाल आणि काळा दोराही त्याच सुमारास बाजारात सहज मिळू लागला. फुलीचा टाका शिकायला सोपा, म्हणून जुने अवघड टाके मागे पडत गेले. तरीही मी त्या गुलाबांना खोटं म्हणणार नाही. चार पिढ्यांनी ते लग्नात घातले, लेकरांना घातले, ते त्यांचेच झाले. पण कुणी त्याला हजारो वर्षांचं म्हणून जास्त किंमत सांगितली, तर पैसे देऊ नका.

या कपड्याला राजकीय अर्थही लवकर आला. 1876 मध्ये युक्रेनियन लेखिका ओलेना प्चिल्का यांनी वोलिन भागात जमवलेल्या भरतकामाच्या आणि विणकामाच्या नक्ष्या कीवमध्ये छापल्या. त्याच वर्षी रशियाच्या झारने युक्रेनियन भाषेतल्या छपाईवर कडक बंदी घातली. भाषा छापता येत नव्हती तेव्हा नक्षी छापली गेली, हे मला फार मोठं वाटतं. कवी इवान फ्रान्को कोटाच्या आत भरतकामाचा सदरा घालत, आणि शहरातल्या सुशिक्षितांत तो रिवाज रूढ झाला. 2022 च्या आक्रमणानंतर तर हा सदरा घालणं म्हणजे आपण कोण आहोत हे न बोलता सांगणं झालं आहे.

सदऱ्याबरोबर 'रुश्निक'ही समजून घ्या. हा भरलेला लांब पंचा. लग्नात वधूवर त्याच्यावर उभे राहतात, पाहुण्याला पाव आणि मीठ त्याच्यावर ठेवून देतात, घरातल्या देवचित्रांवर तो पांघरतात. मागणी घालायला आलेल्यांना मुलीने रुश्निक दिला की होकार. नकार द्यायचा असेल तर हातात भोपळा ठेवायचा.

पायरी 4: विकत घेताना

बाही उलटी करा, हे पहिलं. मागे पातळ कागदासारखा थर चिकटलेला असेल, किंवा पुढे कितीही रंग असले तरी मागे सगळीकडे एकाच रंगाचा बारीक दोरा धावत असेल, तर ते मशीनचं काम. मशीनचा सदरा घेण्यात काहीच कमीपणा नाही. रोज वापरायला तो चांगला, आणि तिथेही बहुतेकजण तोच वापरतात. फक्त किंमत त्या मापाची हवी.

हातकामाची किंमत का चढते याचा हिशोब पुढच्या पायरीत आपोआप कळेल. जुने सदरे घेताना काख आणि कॉलर उजेडासमोर धरा. घामाने कापड तिथे आधी विरतं. आणि एक विनंती. जुनी बाही कापून तिची पर्स किंवा उशीचा अभ्रा केलेला दिसला तर तो घेऊ नका. अशा वस्तूंना गिऱ्हाईक मिळतं म्हणूनच आणखी सदरे कापले जातात.

पायरी 5: एक पट्टी स्वतः भरा

पहिल्या दिवशी अख्खा सदरा मनात आणू नका. मनगटाची एक पट्टी पुरे. तिथेही बाह्या सपाट असतानाच भरत आणि शिवण नंतर घालत.

कापड असं हवं की उभे-आडवे धागे मोजता आले पाहिजेत. शाळेत आपण ज्या दोसुतीवर टाके शिकलो ती सरावाला उत्तम. चांगल्या कामासाठी इंचाला 28 धाग्यांचं लिनन घ्या. हातमागाची खादी वापरणार असाल तर आधी इंचभर उभे आणि इंचभर आडवे धागे मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर चौकोन पतंगासारखा लांबट होईल. कापड आधी पाण्यातून काढून, आटवून, इस्त्री करा. सुई बोथट टोकाची, 24 नंबरची. सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर घ्या. काळा म्हणजे अँकर कंपनीचा 403 नंबरचा, आणि त्याला शोभेल असा गडद लाल.

आता गणित. एक फुली दोन धाग्यांवर घातली तर इंचाला 14 फुल्या बसतात, म्हणजे सेंटिमीटरला साडेपाच. 22 सेंटिमीटरच्या पट्टीला 121 फुल्या. आपण समभुज चौकोनांची साखळी भरू. एक चौकोन 11 फुल्या रुंद, 11 ओळी उंच, आणि शेजारच्या दोन चौकोनांचं टोक एकच. असे बारा चौकोन बरोबर 121 मध्ये बसतात.

पट्टीचा मध्य शोधा. एकसष्टावी फुली तिथे येते, आणि ती सहाव्या व सातव्या चौकोनाचं सामायिक टोक असते. तिथून काळ्याने सुरू करून दोन्ही बाजूंना जा. चौकोनाच्या पहिल्या ओळीत मधोमध एकच फुली. दुसऱ्या ओळीत दोन फुल्या, मध्ये एक घर रिकामं. तिसऱ्या ओळीत मध्ये तीन घरं रिकामी, मग पाच, मग सात. सहाव्या ओळीत नऊ, आणि इथे शेजारची टोकं मिळतात. मग त्याच क्रमाने परत लहान होत खाली या. सगळे चौकोन झाले की प्रत्येकाच्या मध्यावर लाल रंगात एक फुली आणि तिच्या चारी अंगांना एकेक, अशा पाच. पेरलेलं शेत तयार. वर आणि खाली एकेक ओळ सोडून काळ्याची सलग रेघ घाला.

दोन गोष्टी पाळा. प्रत्येक फुलीचा वरचा पाय एकाच दिशेला झुकलेला हवा, नाहीतर काम मळकट दिसतं. आणि गाठ मारायची नाही. सुरुवातीचं टोक दोन बोटं मागे सोडून पुढच्या टाक्यांखाली दाबा.

या पट्टीत साधारण 530 फुल्या होतात. माझा हात तासाला शंभरच्या आसपास चालतो, म्हणजे पाच-सव्वापाच तास. आता दोन मनगटं, दोन पूर्ण बाह्या, दोन पोलिकी आणि गळा एवढं धरा, म्हणजे त्या आजीबाईंनी सांगितलेली किंमत समजते.

पट्टीच्या खालच्या कडेला 'मेरेझ्का' घाला. त्यातला सर्वांत सोपा प्रकार 'प्रुतिक', म्हणजे काडी. कडेला समांतर तीन आडवे धागे सुईने उचलून ओढून काढा. मग फक्त उभे धागे उरतात. त्यातले चार-चार धागे सुईने एकत्र घेऊन, दोऱ्याचा वेढा देऊन आवळा आणि सुई दुमडलेल्या कडेत अडकवून पुढच्या चारांकडे जा. कड दुमडली जाते आणि तिच्यावर बारीक काड्यांची जाळी उभी राहते. याला पांढराच दोरा वापरा.

फुली आणि प्रुतिक हाताला बसले की मग माझ्या सदऱ्यावरच्या 'निझिन्का'कडे वळा. ती कापडाच्या उलट बाजूने भरतात. धावदोऱ्यासारखी सुई पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी जाते. एक, तीन किंवा पाच धागे वर, तितक्याच हिशोबाने खाली, आणि प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीला खेटून. आधी काळ्याने सगळा सांगाडा, मग रिकाम्या जागी रंग. पुढे नक्षी, मागे तिची छाया, हे कोडं असं सुटतं. एक धागा मोजायला चुकला तर चूक पुढच्या प्रत्येक ओळीत तिरकी सरकत जाते, म्हणून दर ओळीनंतर कापड पालथं करून बघायचं.

पायरी 6: घालताना

बायकांच्या सदऱ्यावर कमरेला पट्टा हवाच. विणलेली रंगीत 'क्राइका' मिळाली तर फारच छान. पुरुषांनी मध्य युक्रेनच्या रीतीने सदरा विजारीत खोचावा किंवा डोंगरी रीतीने बाहेर ठेवून वर पट्टा बांधावा, दोन्ही बरोबर. फुलांचा मुकुट मात्र परंपरेने अविवाहित मुलींचा, लग्न झालेली बाई डोकं झाकत असे. आज जीन्सवर, कोटाखाली, कसाही घालतात.

परक्याने घातला तर चालेल का, हा प्रश्न मला बऱ्याचजणी विचारतात. मे महिन्यातला तिसरा गुरुवार हा विशिवान्का दिवस असतो. तो 2006 मध्ये चेर्निव्त्सी विद्यापीठातल्या लेस्या वोरोन्युक या विद्यार्थिनीच्या कल्पनेतून सुरू झाला, आणि आता जगभर पाळतात. भाची सांगते, त्या दिवशी वर्गातली भारतीय मुलंही विशिवान्का घालून जायची, आणि मेसमधल्या मावशी एकेकाला जवळ घेऊन कॉलर नीट करून द्यायच्या.

पायरी 7: धुणं आणि जपणं

इथे माझी चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. पहिल्यांदा धुताना मी सदरा कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवला. काढला तेव्हा लाल टाक्यांच्या कडेने लिननवर गुलाबी पसरलं होतं. तो वाळू न देता गार पाण्याच्या धारेखाली तासभर धरला म्हणून बरंचसं निघालं. डाव्या मनगटाशी एक फिकट छटा आजही आहे.

आधी ओला पांढरा रुमाल लाल आणि काळ्या टाक्यांवर दाबून बघा. रंग लागला तर घरी धुऊ नका, जाणत्या ड्रायक्लीनरकडे द्या आणि भरतकाम हाताचं आहे हे सांगा. लागला नाही तर गार पाण्यात रिठ्याने किंवा सौम्य साबणाने, न भिजवता, न पिळता, पटकन धुवा. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. सावलीत सपाट वाळवा, दांडीवर टांगल्यास ओल्या भरतकामाच्या वजनाने खांदा ओघळतो. इस्त्री थोडा दमट असताना, उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घालून करा, म्हणजे टाके चेपत नाहीत. मणीकाम असेल तर तेवढ्या भागावर इस्त्री फिरवूच नका.

खळ घालू नका, खळीच्या वासावर कसर येते. लोकरी दोऱ्याच्या बोर्श्चिव सदऱ्याला तर कसरीची भीती जास्तच. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, बाह्यांच्या घडीत जुन्या मऊ सुती कापडाची वळकटी ठेवा, आणि दर वेळी घडी वेगळ्या जागी मोडा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कपाटातून काढून पंख्याखाली पसरा. सदरा कुठल्या गावचा, कुणी भरला, कधी आणला, हे मऊ फितीवर न जाणाऱ्या शाईने लिहून आतून, मागच्या चुण्यांच्या खाली चार टाक्यांनी टाचा. माझ्या सदऱ्यावर 'चेर्निव्त्सी, 2019' एवढंच आहे, कारण भाचीने आजीबाईंचं गाव विचारलं नव्हतं.